दाढ, जहाज आणि एक गणंग

तर झालं असं. दोन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी रात्री रिलीजसाठी ऑफिसात थांबलो होतो. बिल्ड चालू होतं, करायला काही नव्हतं, म्हणून शेजारच्याने आणलेले फुटाणे खात बसलो. त्यात एक गणंग निघाला. उजवीकडच्या खालच्या दाढेखाली बरोबर सापडला, 'कट्' असा आवाज आला आणि मला वाटलं, गणंग फुटला. बघतो तर गणंग शाबूत!

पुढचे पंधरा दिवस विचित्र गेले. एरवी दाढ दुखत नव्हती. चावताना पण फारसं काही नाही. पण घास चावून झाला की, म्हणजे दात उचलताना, एक सणसणीत कळ यायची आणि क्षणात जायची. दहा घासांतून एखाद्याच घासाला. आमच्या धंद्यात याला रिप्रोड्यूस न होणारा बग म्हणतात आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्याची झोप जाते.

एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसेना. मग डेंटिस्टबाईंनी प्लास्टिकची एक छोटी काडी दाढेच्या एकेका टोकावर ठेवून मला चावायला आणि सोडायला लावलं. चौथ्या टोकाला मी खुर्चीतून उडालोच. मग त्यांनी एक बारीक दिवा दाढेला बाजूने टेकवला. उजेड दाढेत पसरत गेला आणि मध्येच एका रेषेवर येऊन थांबला. रेषेच्या पलीकडे अंधार. "हा तुमचा तडा," बाई म्हणाल्या. "कॅप घालून घ्या. आत नसेपर्यंत गेला तर रूट कॅनॉल करावं लागेल. आणि मुळात उतरला तर दाढच काढावी लागेल."

आता माझा प्रश्न असा होता. माझी आजी ८४ वर्षांची आहे. तिच्या पुढच्या दातांवर उभ्या तपकिरी रेघा आहेत, पानाचा रंग मुरलेल्या. त्या रेघा म्हणजे तडेच, हे मला आता कळलं. घरात अडकित्ता असून बाई जन्मभर सुपारीचं खांड दाढेखाली घेऊन फोडत आली. अंगावर इतके तडे वागवूनसुद्धा तिचे दात जागेवर आहेत. माझा मात्र एकच तडा, वय २८, आणि हजारो रुपयांची कॅप? मग घाई कसली?

उत्तर शोधायला बसलो तर त्यात दोन-चार वीकेंड गेले. वाटेत जहाजं भेटली, विमानखात्यातली काच भेटली आणि थर्ड इयरला घोकून विसरलेली दोन नावंही भेटली. (शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी आयटीत. आमच्यातले निम्मे असेच.)

सुरुवात दातांपासूनच करू. माणूस किती जोराने चावू शकतो, हे मोजायचा सगळ्यात जुना प्रसिद्ध प्रयत्न इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्लीचा. हा गॅलिलिओच्या परंपरेतला माणूस. प्राण्यांचं शरीर म्हणजे तरफा आणि दोऱ्या, असं मानून त्याने सगळा हिशोब मांडला. त्याचं पुस्तक तो गेल्यानंतर, १६८० ते १६८१ मध्ये छापलं गेलं. त्याने खालच्या दाढांवरून दोरी घेऊन तिला वजनं टांगली आणि जबडा किती उचलतो ते पाहिलं. आजची उपकरणं वापरली तर धडधाकट तरुण माणसाच्या दाढांमध्ये जास्तीत जास्त ५०० ते ७०० न्यूटन जोर भरतो. म्हणजे साधारण ५० ते ७० किलोचं वजन, दाढेच्या इवल्याशा टोकावर. रोजच्या जेवणात याहून पुष्कळ कमी लागतो, पण घास मोजले तर आयुष्यात ते काही कोटींच्या घरात जातात.

हा मार सोसतं कोण? तर इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. दाढेच्या टोकांवर त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर. त्याच्या खाली डेंटीन, जे बरंचसं हाडासारखं आणि जरा लवचिक आहे. इनॅमल कठीण असलं तरी चिवट नाही. तडा रोखण्याची पदार्थाची जी अंगभूत ताकद असते, तिच्यात ते काचेच्या फार पुढे नाही. म्हणजे आपण सगळे तोंडात काचेसारख्या कवचाच्या बत्तीस वाट्या घेऊन फिरतो आणि त्यांनी शेंगदाणे फोडतो. काचेची वाटी असं करून वर्षभर तरी टिकेल का?

लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने १७७१ मध्ये दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. कापलेल्या दाताच्या इनॅमलमध्ये गडद-फिकट पट्टे दिसतात, त्यांना आज हंटर-श्रेगर पट्टे म्हणतात. या पट्ट्यांना मध्येच सोडतोय. शेवटी परत लागतील.

आता थोडं दातांपासून लांब जाऊ.

१९१३ साली चार्ल्स इंग्लिस नावाच्या इंजिनीअरने इंग्लंडमध्ये जहाजबांधणीवाल्यांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. विषय होता, पत्र्यात तडे आणि टोकदार कोपरे असले की ताण कसा वाटला जातो. त्याच्या गणितातून निघालं असं की, पत्र्याला नुसतं गोल भोक पाडलं तरी भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोक जितकं लांबट आणि अणकुचीदार, तितका टोकावरचा ताण जास्त. वर्कशॉपमधला जुना मिस्त्री तडा गेलेल्या पत्र्यात तड्याच्या टोकाला ड्रिलने भोक पाडतो, ते याच कारणाने. टोक बोथट झालं की तडा थांबतो.

पण यात एक गोची होती. खऱ्या तड्याचं टोक इतकं बारीक असतं की इंग्लिसच्या हिशोबाने तिथला ताण जवळजवळ अनंत व्हायला हवा. मग एक ओरखडा उठलेली प्रत्येक वस्तू हात लावताच फुटायला हवी. तसं तर होत नाही.

हे कोडं सोडवलं अॅलन आर्नल्ड ग्रिफिथने. फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात काम करणारा विशीतला इंजिनीअर. धातूऐवजी त्याने काच घेतली, कारण काच आधी वाकत-ताणत बसत नाही, सरळ तुटते. काच वितळवून तिच्या काड्या आणि तंतू ओढले आणि तोडून पाहिले. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या काडीपेक्षा ३.३ मायक्रॉनचा तंतू, क्षेत्रफळाच्या हिशोबाने, जवळजवळ वीसपट मजबूत निघाला! काच तीच. फरक इतकाच की जाड काडीत मोठे तडे मावतात, बारीक तंतूत मावत नाहीत.

मग त्याने हिशोब ताणाऐवजी ऊर्जेचा मांडला. ताणलेली वस्तू म्हणजे साठवलेली ऊर्जा. तडा थोडा पुढे सरकला की आजूबाजूचा भाग सैल होतो आणि त्यातली ऊर्जा मोकळी होते, ही जमा. पण तडा सरकायचा म्हणजे दोन नवे पृष्ठभाग तयार करायचे, त्याला ऊर्जा लागते, हा खर्च. जोपर्यंत खर्च जास्त आहे तोपर्यंत तडा आहे तिथेच बसून राहतो. जमा वरचढ झाली की सुटतो, आणि मग त्याला कोणी थांबवू शकत नाही. तडा चौपट लांब झाला की वस्तू निम्म्या ताणाला तुटते. हा निबंध १९२० साली सादर झाला आणि १९२१ मध्ये छापून आला.

या संशोधनाचं पुढे काय झालं, त्याचा किस्सा जे. ई. गॉर्डन या पदार्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलाय. ग्रिफिथचा सहकारी बेन लॉकस्पायसर एका संध्याकाळी काच वितळवायची गॅसची बत्ती बंद करायला विसरला. आग लागली, चौकशी झाली आणि साहेबांनी दोघांना काचेत वेळ घालवणं बंद करायला सांगितलं. ग्रिफिथला दुसऱ्या कामावर टाकलं. पुढे जेट इंजिनांत त्याने मोठं नाव काढलं. (आणि लॉकस्पायसर १९५४ मध्ये सर्नच्या कौन्सिलचा पहिला अध्यक्ष झाला. मॅनेजरने बंद पाडलेल्या प्रोजेक्टवाल्यांनो, धीर धरा!) तड्यांचा विषय मात्र जवळपास वीस वर्षं कपाटात पडून राहिला.

कपाट उघडायला लावलं जहाजांनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं धडाधड बांधली, एकूण २७१०. वेळ वाचवायला पत्रे रिव्हेट ठोकून न जोडता वेल्डिंगने जोडले. आणि जहाजं फुटायला लागली. सगळ्यात गाजलं ते स्केनेक्टडी नावाचं तेलवाहू जहाज. हे लिबर्टीचं नव्हे, पण त्याच घाईत वेल्डिंगने बांधलेलं. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभं असताना मोठा आवाज होऊन ते मधोमध फाटलं. पाणबुडी नाही, वादळ नाही. फक्त थंडी होती.

कारणं अनेक होती. ते पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं, वेल्डिंग सदोष होतं, आणि लिबर्टी जहाजांच्या डेकवर माल उतरवायची जी चौकोनी तोंडं होती त्यांच्या काटकोनी कोपऱ्यांतून तडे सुरू व्हायचे. इंग्लिसने तीस वर्षांपूर्वी सांगितलेले तेच कोपरे. पण मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. रिव्हेटच्या जहाजातही तडे जायचे. पण तडा एका पत्र्याच्या काठापर्यंत जायचा आणि तिथे संपायचा, कारण पुढचा पत्रा वेगळा होता. वेल्डिंगने सगळं जहाज एकच अखंड पत्रा झालं, आणि तड्याला इथून तिथपर्यंत मोकळा रस्ता मिळाला. म्हणून मग कोपरे गोल केले आणि डेकवर मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या बसवल्या, तडा अडवायला. पुढे अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज अर्विनने १९५० च्या दशकात ग्रिफिथचं गणित पोलादाला लागू पडेल असं वाढवलं, आणि तड्यांचं शास्त्र इंजिनीअरिंगच्या पुस्तकात आलं. आम्ही ते पाठ करून पेपरात लिहून आलो. असो.

आता परत दाढेकडे.

माझ्यासारखी दुखणी डेंटिस्टांना आधीपासून भेटत होती, पण एक्स-रेत काही न दिसल्यामुळे दाढ निर्दोष आणि पेशंट लहरी ठरायचा. १९६४ मध्ये कॅमेरन नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने या दुखण्याला नाव दिलं, क्रॅक्ड टूथ सिंड्रोम. आणि त्याने एक गोष्ट नोंदवली. तडा गेलेल्या दाढा आणि त्यांच्यात भरलेल्या फिलिंगचा आकार यांचं नातं आहे. दाढ सोडतानाच कळ का येते, याचाही खुलासा पुढे मिळाला. डेंटीनमध्ये हजारो बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. चावताना तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात, सोडताना मिटतात, द्रव झटक्यात हलतो आणि नस बोंबलते. स्वीडनच्या ब्रेनस्ट्रॉमने १९६० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर हे बेतलेलं आहे.

फिलिंगचा आकार म्हटल्यावर मला आठवलं. त्याच दाढेत मी आठवीत असताना चांदी भरली होती. चांगली ऐसपैस, दाढेच्या पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत.

अशी ऐसपैस चांदी भरायची पद्धत अमेरिकेच्या जी. व्ही. ब्लॅकची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने नियम घालून दिला की, किडीपुरतंच न कोरता आजूबाजूच्या किडू शकणाऱ्या खाचाही कोरून टाकाव्यात, म्हणजे परत कीड लागणार नाही. कोरलेला खड्डा पेटीसारखा, सपाट तळाचा आणि उभ्या भिंतींचा. फ्लोराइडची पेस्ट नसलेल्या काळात हा विचार शहाणपणाचा होता. त्याने असंख्य दात वाचले. पण इंग्लिसच्या चष्म्यातून बघा. दाढेच्या मधोमध एक चौकोनी तोंड आणि त्याचे कोपरे. लिबर्टीचा डेकच की! शिवाय चांदी त्या खड्ड्यात नुसती बसते, भिंतींना धरून ठेवत नाही. १९८९ मध्ये री, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या दातांवर मोजमाप केलं. रूट कॅनॉलसाठी पाडलेल्या भोकाने दाताचा ताठपणा ५ टक्क्यांनी घटला, फक्त वरून कोरलेल्या खड्ड्याने २० टक्क्यांनी, आणि पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत कोरलेल्या खड्ड्याने तब्बल ६३ टक्क्यांनी. माझी दाढ म्हणजे हा तिसरा प्रकार.

हे झालं माझं. पण आजीचं काय? तडे असून तिचे दात टिकले कसे?

याचं उत्तर यायला २००९ उजाडलं. ब्रायन लॉन हा काच आणि सिरॅमिकमधल्या तड्यांवर आयुष्य घालवलेला माणूस, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीत होता. म्हणजे थेट ग्रिफिथच्या घराण्यातला. त्याने तेल अवीवचा हर्झल चाय आणि दातांचा अभ्यास करणारे पीटर ल्यूकस, पॉल कॉन्स्टँटिनो वगैरे मंडळींबरोबर माणसाचे आणि समुद्री ऑटरचे काढलेले दात घेतले आणि त्यांच्यावर जोर देऊन तडे जाताना पाहिले. (ऑटर शिंपले दातांनी फोडून खातो. आमच्या आजीचा जलचर भाऊ.)

तर गंमत म्हणजे दात मुळातच तडे घेऊन जन्माला येतो. इनॅमल आणि डेंटीन जिथे जुळतात, तिथे आतल्या बाजूला झुडपासारखे बारीक दोष असतात. त्यांना टफ्ट म्हणतात. त्यांत खनिज कमी आणि प्रथिनं जास्त असतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्यांची चित्रं होती, पण ते काय करतात हे कोणी विचारात घेतलं नव्हतं. जोर दिल्यावर तडे या टफ्टांपासून सुरू होऊन बाहेरच्या दिशेने सरकताना दिसले. मात्र ते ग्रिफिथच्या काचेसारखे सुसाट सुटत नाहीत. थोडे सरकतात आणि थांबतात. आणखी सरकवायला आणखी जोर लावावा लागतो.

का थांबतात? पहिलं कारण, टफ्ट एकटा नसतो. शेजारी शेजारी शेकडो असतात आणि ताण आपसात वाटून घेतात, त्यामुळे कुठल्याच एका तड्याच्या टोकाशी तो फार साचत नाही. दुसरं कारण म्हणजे हंटरने सोडलेले ते पट्टे. इनॅमल हे सुमारे ५ मायक्रॉन जाडीच्या कांड्यांचं बनलेलं असतं. आतल्या भागात या कांड्या खाटेच्या विणीसारख्या एकमेकींना तिरप्या छेदत जातात. पट्टे दिसतात ते त्या विणीमुळे. सरळ निघालेल्या तड्याला तिथे वळणं घ्यावी लागतात आणि त्याची जमा खर्चात जाते. तिसरं कारण, खालचं डेंटीन बरंच चिवट आहे, इनॅमलमधला तडा त्या हद्दीशी येऊन अडतो. आणि चौथं, तड्यांत सेंद्रिय द्रव झिरपून भरतो आणि तो काही प्रमाणात गोंदासारखं काम करतो.

म्हणजे दात रिव्हेटच्या जहाजासारखा आहे. तडा जाणार हे गृहीत धरूनच बांधलेला, आणि त्याला जाऊ कुठवर द्यायचं याची सोय आधीच करून ठेवलेली. आजीच्या दातांवरच्या रेघा म्हणजे अडवलेले तडे. माझ्या दाढेत मात्र ती सगळी व्यवस्था असलेला मधला भागच कोरून काढला होता. तिथला तडा इनॅमलमध्ये नव्हता. तो खड्ड्याच्या कोपऱ्यातून डेंटीनमध्ये निघाला होता, आणि घासागणिक दोन्ही भिंती फाकवायला चांदीची पाचर आयती होती. आजीच्या डझनभर तड्यांपेक्षा माझा एक तडा धोक्याचा होता तो यामुळे.

(आजीची बाजू फार ताणत नाही. ज्यांचे दात सुपारीने तुटले त्यांच्याकडे दाखवायला दातच उरले नाहीत, हेही खरं. आमच्या आजोबांची कवळी होती.)

पुढच्या सोमवारी जाऊन कॅप घालून आलो. बाईंनी जुनी चांदी काढली, तड्याची रेघ मला आरशात दाखवली, खड्डा भरून घेतला आणि वरून कॅप चिकटवली. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, तसंच काम. चाक फाकू द्यायचं नाही. तडा भरून येत नाही, कारण इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. तो तिथेच राहणार. त्याला फक्त सरकायला वाव द्यायचा नाही. नस वाचली का, हे बाई सहा महिन्यांनी सांगणार आहेत. आत्तापर्यंत कळ आलेली नाही.

गेल्या रविवारी आजीला हे सगळं फोनवर ऐकवलं. जहाजं, काच, ऑटर, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, म्हणजे तुझी दाढ त्या गणंगाने नाही फुटली. आठवीत चॉकलेटं खाल्लीस तेव्हाच फुटायला लागली होती."

यावर काय बोलणार. फुटाणे अजून खातो. डाव्या बाजूने, निवडून.